डाव्या कुशीवर

विजयनगरच्या कचेरीत बावीस वर्षं टाईप करतेय.
"आमच्या आवाक्याबाहेरील शारीरिक, भावनिक
व सामाजिक कारणांमुळे" —
हे वाक्य बोटं आता मला न विचारता लिहितात.
पुढे नाव, वय, व्यवसाय.
मालन हणमंत कोळेकर. सत्तावीस. नवरा हळदीच्या मिलवर.
अपत्ये : तीन. पैकी समर्पित : एक.
समर्पित हा शब्द आमचा नाही, वरून आलाय.

त्या दिवशी ती नवं पातळ नेसून आली होती,
घडीच्या खुणाही मोडल्या नव्हत्या.
मला राग आला. खरं सांगते.
नवरा धडधाकट, घरात दोन आधीची,
आणि ही नटून आली चार महिन्यांची पोर ठेवायला.
शिक्का पडायच्या आधीच
मी मनात निकाल देऊन टाकला.

हणमंतनं सही केली. अंगठाही लागतो.
निळ्या शाईभोवती पिवळी कड उमटली,
पॉलिशच्या ड्रमवरचा हात, धुऊन जात नाही.
म्हणाला, "हरिपुरात पेवं हुती, बाई.
माझा आज्जा उतरायचा त्यात.
हळद भुईत तशीच, वर नुसती पावती फिरायची.
चार-चार मालक बदलायचे, पेव न उघडता.
आमास्नी तशी काय पावती मिळती का?"
मी म्हटलं, नाही.
"बरं," म्हणाला,
यार्डात पडलेला भाव ऐकून घ्यावा तसं.

मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं :
साठ दिवसांत फेरविचार करता येईल.
साठ कुणी ठरवले, माहीत नाही.
आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका,
ते निदान नदीनं स्वतः चढून दाखवलेलं.

"पोटची पोर देताना काही वाटत नाही?"
हा प्रश्न अर्जात नाही. मी विचारला.
विचारायला नको होता.
मालननं पदर खोचला.
"मला बी दिलीच हुती की, सतराव्या वर्षी, कुपवाडात.
तवा साठ दिस कुनी दिलं न्हाईत."
पंख्यानं कागद फडफडत होते.
मी उगाच पेपरवेट शोधत राहिले.

थोरल्याला दर महिन्याला रक्त लागतं,
मिरजेच्या सिव्हिलला, रांग पहाटेपासून.
हिचं तपासलं, चांगलं निघालं.
चांगलं निघालं, म्हणून दिली.
जे कुणीही हसत उचलून घेईल तेच देता येतं,
दुखणं पदरातच ठेवायचं असतं.
हे मला पटलं नाही. अजूनही पटत नाही.
उद्या ती पोरगी विचारेल,
माझ्यात काय खोट होती, म्हणून?
आणि कुणी सांगेल का तिला,
खोट नव्हती, म्हणूनच.
पण माझ्या न पटण्यानं
त्या पोराला एक बाटलीसुद्धा चढत नाही.

अठ्ठावन्नाव्या दिवशी मालन आली.
एकटी. रोजचं पातळ, काठावर हळदीचे डाग.
मी चटकन फाईल काढली,
माघारीचा अर्जही काढून ठेवला,
माझेच हात थरथरत होते.
"नगं त्ये," म्हणाली. "एवढंच लिवा,
डाव्या कुशीवर निजती ती.
उजव्या अंगावर टाकली की रडती."
दोन महिने होत आले होते,
तरी "निजती" म्हणाली.

मी सगळी पानं उलटली.
वजन, उंची, लसी, जन्मखूण.
कुशीला रकाना नव्हता.
शाईनं लिहिलं तर साहेबांची सही लागते,
म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं.
ती उभ्यानं पाहत होती, अक्षर न् अक्षर.
मग चपला घालून निघून गेली,
हरिपूर रस्त्याच्या चिंचांकडे की स्टँडकडे,
खिडकीतून दिसलं नाही.

एकसष्टाव्या दिवशी फाईल वर गेली.
वर कुणी समास वाचतं का, ठाऊक नाही.
पेन्सिल मात्र मी जरा दाबूनच धरली होती,
खोडलं तरी कागदावर वळ राहील इतकी.